पुडीचं शास्त्र: नॅनो कणांतून औषध शरीरात कसं पोहोचवतात

केमोथेरपी घेणाऱ्या माणसाचे केस का गळतात? कर्करोग काही केसांना झालेला नसतो. पण केसांच्या मुळाशी असलेल्या पेशी भराभर विभागत असतात, आणि केमोची बहुतेक जुनी औषधं भराभर विभागणाऱ्या पेशींनाच मारतात. ही पेशी गाठीतली, ही केसाच्या मुळातली, ही आतड्याच्या अस्तरातली, असा भेद औषधाच्या रेणूला करता येत नाही. शिरेतून आत सोडलं की रक्त नेईल तिथे ते जातं. सुक्याबरोबर ओलंही जळतं.

तसं पाहिलं तर डोकेदुखीची गोळीही थेट डोक्यात जात नाही. ती पोटात विरघळते, आतड्यातून रक्तात उतरते, यकृतातून पुढे सरकते आणि अंगभर पसरते. दुखऱ्या जागेच्या वाट्याला त्यातला चिमूटभर भाग येतो. गोळी सौम्य असते म्हणून हा कारभार खपून जातो. औषध जितकं जहाल, तितकं त्याचं असं अंगभर हिंडणं रुग्णाला महागात पडतं.

म्हणजे औषध बनवताना प्रश्न दोन असतात. रोगावर कोणता रेणू चालेल, हा पहिला. तो रेणू तिथपर्यंत धडपणे जाईल कसा, हा दुसरा. बातम्या पहिल्याच्या होतात. नॅनो तंत्रज्ञान हा बहुतांशी दुसऱ्या प्रश्नाचा मामला आहे. औषध पुष्कळदा जुनंच असतं, नवी असते ती पुडी.

‘पुडी’ हा साधा शब्द इथे मुद्दाम वापरला आहे. नॅनो म्हटलं की रक्तवाहिनीत पोहणारे चिमुकले यंत्रमानव डोळ्यांसमोर येतात, कारण चित्रांत तेच दाखवलेले असतात. प्रत्यक्षात रुग्णाला दिल्या जाणाऱ्या कणांना ना इंजिन असतं, ना सुकाणू, ना डोळे. बहुतेक वेळा तो असतो चरबीचा एक आंधळा बुडबुडा. तो रक्तातून वाहत जातो आणि कुठे थांबायचं हे तो ठरवत नाही, शरीर ठरवतं. गंमत अशी की एवढ्या आंधळ्या वस्तूकडूनही उपयोगाचं काम करून घेता येतं.

शंभर नॅनोमीटरच का?

मीटरचा एक अब्जावा भाग म्हणजे नॅनोमीटर. माणसाच्या केसाची जाडी साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर भरते. रक्तातली तांबडी पेशी ७-८ हजार नॅनोमीटर रुंद असते, डीएनएचा धागा २ नॅनोमीटर. नेहमीच्या औषधाचा रेणू १ नॅनोमीटरच्या आसपास. आणि आपल्या पुड्या बहुतेक ५० ते १५० नॅनोमीटरच्या, म्हणजे साधारण करोना विषाणूएवढ्या. विषाणूशी हे माप जुळणं हा निव्वळ योगायोग नव्हे. विषाणू म्हणजे तरी काय, पेशीत माल पोहोचवणारी पुडीच. फक्त तिचा माल आपल्याला नको असतो.

हे माप शरीरातल्या चाळण्यांनी ठरवून दिलंय. मूत्रपिंडाची चाळणी साधारण ६ नॅनोमीटरहून लहान वस्तू लघवीत सोडून देते, त्यामुळे फार लहान कण टिकत नाही. प्लीहेत रक्ताला अरुंद फटींतून जावं लागतं आणि २०० नॅनोमीटरच्या वरचे कडक कण तिथे अडकतात. कण एकमेकांना चिकटून त्यांचे मोठे गोळे झाले, तर फुप्फुसातल्या बारीक केशवाहिन्या तुंबू शकतात. या सगळ्यांतून जी मधली पट्टी उरते, तिच्यात पुडी बसवावी लागते.

लहानपणाचा आणखी एक फायदा आहे, आणि त्याला पुडीही लागत नाही. १ सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. तोच घन १०० नॅनोमीटरच्या घनांमध्ये चिरला, तर वजन तेवढंच राहतं, पण एकूण पृष्ठभाग ६० चौरस मीटर होतो, एका लहानशा घराएवढा. विरघळण्याचं काम पृष्ठभागावरच चालत असल्यामुळे पाण्यात न विरघळणारं हट्टी औषध इतकं बारीक दळलं की आतड्यात नीट शोषलं जातं. प्रत्यारोपणानंतर देतात त्या सिरोलिमसच्या गोळ्या २००० साली अशा दळलेल्या रूपात आल्या, आणि केमोच्या उलट्यांवरचं ॲप्रेपिटंट २००३ साली. यात नाट्य काही नाही, म्हणून याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. पण युक्ती पक्की आहे.

बुडबुड्याची जन्मकथा

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला केंब्रिजजवळच्या बाब्रहॅम संस्थेत ॲलेक बँगहॅम नावाचे संशोधक रक्त गोठण्याच्या संदर्भात फॉस्फोलिपिड या स्निग्ध रेणूंचा अभ्यास करत होते. आपल्या प्रत्येक पेशीचं आवरण याच रेणूंचं बनलेलं असतं. या रेणूला एक डोकं आणि दोन शेपट्या असतात. डोक्याला पाणी आवडतं, शेपट्यांना सोसत नाही. पाण्यात टाकल्यावर हे रेणू शेपटीला शेपटी लावून दुहेरी पडदा करतात, आणि पडद्याच्या उघड्या कडाही पाण्यापासून लपाव्यात म्हणून तो पडदा स्वतःवर वळून गोल मिटतो. बँगहॅम यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तेव्हा एकात एक बसलेल्या आवरणांचे बंद गोळे दिसले. सहकारी थट्टेनं त्यांना ‘बँगोसोम’ म्हणत. पुढे लायपोसोम हे नाव रुळलं.

या गोळ्याच्या पोटात पाणी असतं आणि भिंतीत चरबी. पाण्यात विरघळणारं औषध पोटात भरावं, तेलकट औषध भिंतीत मुरवावं. ग्रेगरी ग्रेगोरिआडिस आणि ब्रेंडा रायमन यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी ही कल्पना पुढे आणली. कल्पना इतकी सरळ होती की औषधं पाठोपाठ यायला हवी होती. तसं झालं नाही, मध्ये पंचवीसेक वर्षं गेली.

अडचण शरीराच्या दक्षतेची होती. रक्तात परकी वस्तू आली की काही क्षणांत रक्तातली प्रथिनं तिला येऊन चिकटतात. तिच्यावर जणू खूण पडते. यकृतात आणि प्लीहेत भक्षक पेशी दबा धरून बसलेल्या असतात. जंतू गिळणं हे त्यांचं काम, आणि खूण पडलेला बुडबुडा त्यांच्या दृष्टीनं जंतूच. सुरुवातीचे लायपोसोम रक्तातून लवकरच नाहीसे होत आणि बहुतेक सगळे यकृतात सापडत.

यावर तोडगा निघाला तो पेगचा, म्हणजे पॉलिइथिलीन ग्लायकॉलचा. ही लांबलचक, पाण्याला धरून ठेवणारी साखळी. बुडबुड्यावर हिचे केस उगवले की त्याच्याभोवती पाण्याचा एक गुळगुळीत थर तयार होतो आणि प्रथिनांना चिकटायला जागा मिळत नाही. बुडबुडा अदृश्य होत नाही, फक्त ओळखू यायला उशीर लागतो. तेवढा उशीर पुरतो.

१९९५ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं डॉक्सिल हे अशा पुडीतलं पहिलं मोठं औषध. आतला माल जुना, डॉक्सोरुबिसिन. लालभडक रंगाचं हे केमोचं औषध गाठींवर चांगलं चालतं, पण हृदयाच्या स्नायूला कायमचं नुकसान करू शकतं, म्हणून आयुष्यात एकूण किती द्यायचं याला मर्यादा असते. ते बुडबुड्यात भरण्याची जी रीत येहेझ्केल बारेनहोल्झ यांच्या गटानं काढली, ती मला या साऱ्या विषयातली सगळ्यात देखणी गोष्ट वाटते. आधी बुडबुड्यांच्या पोटात अमोनियम सल्फेट भरून ठेवायचं आणि बाहेरचं धुऊन टाकायचं. मग बाहेरच्या पाण्यात औषध घालायचं. औषधाचा रेणू विद्युतभार नसलेल्या रूपात भिंतीतून सहज आत शिरतो. आतल्या आम्लात त्याच्यावर भार चढतो, आणि भार असलेल्या रेणूला चरबीची भिंत ओलांडता येत नाही. वर सल्फेटशी गाठ पडून त्याचे स्फटिक होतात. आत यायला वाट आहे, परत जायला नाही. असे दहा हजारांहून जास्त रेणू एकेका बुडबुड्यात कोंबता येतात.

मोकळं डॉक्सोरुबिसिन शिरेतून दिलं की काही मिनिटांतच रक्त सोडून ऊतींमध्ये पसरतं. बुडबुड्यातलं दोन-तीन दिवस रक्तात फिरत राहतं. निरोगी हृदयाच्या केशवाहिन्यांची भिंत घट्ट असते, तिथून बुडबुडा आत शिरत नाही आणि हृदय बरंचसं वाचतं. पण इतके दिवस फिरणाऱ्या पुड्यांतून थोडं औषध त्वचेत उतरतं आणि तळहात-तळपाय लाल होऊन सोलतात. साध्या डॉक्सोरुबिसिननं हा त्रास क्वचितच होतो. पुडी बदलली की दुष्परिणामही बदलतात.

आता मुख्य प्रश्न: गाठ जास्त मरते का? पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगात दोन्ही रूपांची समोरासमोर तुलना करणाऱ्या चाचणीचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. परिणाम जवळपास सारखा, हृदयाला इजा मात्र बरीच कमी. पुडीनं औषधाचा नेम सुधारला नव्हता. तिनं औषधाला नको तिथे जाण्यापासून अडवलं होतं. नॅनो-औषधांबद्दल एकच गोष्ट ध्यानात ठेवायची असेल तर ही ठेवा.

अडवणूक हीच कमाई

हा नमुना पुढेही दिसत राहतो. पॅक्लिटॅक्सेल हे औषध मूळचं प्रशांत महासागराच्या काठच्या यू वृक्षाच्या सालीतलं. ते पाण्यात विरघळत नाही. म्हणून एरंडेलापासून केलेल्या एका द्रावकात आणि अल्कोहोलात ते विरघळवून देत. त्या द्रावकानंच काहींना जोराची ॲलर्जी येई, म्हणून आधी स्टिरॉइड द्यायचं आणि मग तीन-तीन तास सलाईन चालवायचं. २००५ साली आलेल्या ॲब्रॅक्सेनमध्ये तेच औषध अल्ब्युमिन या रक्तातल्याच प्रथिनाबरोबर १३० नॅनोमीटरच्या कणांत बांधलं. द्रावक गेला, आणि सलाईन अर्ध्या तासावर आलं. नॅनो कणांनी इथे कोणताही चमत्कार केला नाही. त्यांनी एक वाईट सोबती हटवला.

ॲम्फोटेरिसिन बी हे बुरशीवरचं औषध तर डॉक्टरांमध्ये ‘ॲम्फोटेरिबल’ या टोपणनावानं ओळखलं जाई. थंडी वाजून ताप, आणि मूत्रपिंडांची हानी. बुरशीच्या आवरणात अर्गोस्टेरॉल असतं, आपल्या पेशींच्या आवरणात कोलेस्टेरॉल. औषध पहिल्याला धरतं, पण दुसऱ्यालाही पूर्ण सोडत नाही. लायपोसोमच्या भिंतीत मुरवल्यावर ते बुरशीची गाठ पडेपर्यंत बरंचसं तिथेच बसून राहतं. या पुडीत चरबीचं वजन औषधाच्या कित्येक पट असतं. अंगापेक्षा बोंगा मोठा, पण हा बोंगाच मूत्रपिंडं वाचवतो. म्युकरमायकोसिससारख्या जीवघेण्या बुरशीवर म्हणूनच हे रूप आधी निवडतात.

याच औषधाची काळा आजारातली कामगिरी त्याहून रंजक आहे. काळा आजार लीशमेनिया नावाच्या परजीवीमुळे होतो, आणि हा परजीवी राहतो कुठे, तर यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जेतल्या भक्षक पेशींच्या आत. म्हणजे ज्या पेशी बुडबुडे गिळून संशोधकांना हैराण करत होत्या, नेमक्या त्याच पेशींत शत्रू दडलेला. इथे लपायची गरजच नाही. बुडबुडा गिळला जावा हीच इच्छा, आणि शरीर ती आनंदानं पुरवतं. भारतीय उपखंडात प्रतिकिलो १० मिलिग्रॅमचा एकच डोस हा यावरचा शिफारस केलेला उपचार आहे.

आणखी एक वेगळी चाल सांगायला हवी. तीव्र रक्तकर्करोगात सायटॅराबिन आणि डॉनोरुबिसिन ही दोन औषधं जोडीनं देतात. प्रयोगशाळेत त्यांचं ५ ला १ हे प्रमाण चांगलं ठरलं. पण शरीर दोघांना वेगवेगळ्या वेगानं बाहेर टाकतं, त्यामुळे सुरुवातीचं प्रमाण लगेच बिघडतं. २०१७ साली मान्य झालेल्या व्हिक्सिऑसमध्ये दोन्ही औषधं एकाच बुडबुड्यात त्याच प्रमाणात बंद केली आहेत. औषधं तीच होती, तरी वयस्कर रुग्णांच्या एका कठीण गटात मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) सुमारे ६ महिन्यांवरून साडेनऊ महिन्यांच्या आसपास गेलं. बाहेरून हा आकडा लहान दिसतो. त्या रुग्णांसाठी तो लहान नाही.

नेम धरण्याचं स्वप्न

पॉल एरलिख यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘जादूची गोळी’ हा शब्दप्रयोग रूढ केला. रोगालाच लागेल, रोग्याला लागणार नाही अशी बंदुकीची गोळी. नॅनो-औषधांना हे स्वप्न आयतंच वारशात मिळालं. १९८६ साली मात्सुमुरा आणि माएदा या जपानी संशोधकांनी दाखवलं की गाठींच्या रक्तवाहिन्या घाईघाईनं वाढलेल्या, गळक्या असतात आणि तिथला निचराही नीट नसतो. मोठे रेणू गाठीत पाझरतात आणि साचून राहतात. म्हणजे पुडी नुसती पुरेशी वेळ फिरत ठेवली की ती आपोआप गाठीत गोळा होणार. पुढची तीस वर्षं हजारो शोधनिबंध या एका आशेवर लिहिले गेले.

२०१६ साली टोरांटोच्या वॉरेन चॅन यांच्या गटानं मागच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र मांडले. टोचलेल्या कणांपैकी गाठीत किती पोहोचले? मध्यक आकडा निघाला ०.७ टक्के. हजार पुड्या पाठवल्या तर सात पोहोचल्या. बाकीच्या बव्हंशी यकृत, प्लीहा आणि इतरत्र. २०२०मध्ये त्याच गटानं गळक्या भिंतीच्या कल्पनेलाही धक्का दिला. त्यांनी तपासलेल्या गाठींत कण फटींमधून शिरत होते ते थोडेच. बहुतेकांना रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या पेशी स्वतः उचलून पलीकडे नेत होत्या. इथेही निर्णय शरीराचाच.

या ०.७ टक्क्यावर बराच वाद झाला. त्याची लाज वाटायचं कारण नाही, असं मला वाटतं. पुडीविना दिलेल्या औषधाचाही फार थोडा भाग गाठीत जातो, आणि डॉक्सिलनं दाखवलं तसं नेम न सुधारताही रुग्णाचं भलं होतं. खटकतं ते या आकड्याच्या शेजारी ‘थेट गाठीवर मारा करणारं क्षेपणास्त्र’ असे शब्द वापरणं. शिवाय उंदरातली गाठ काही आठवड्यांत वाढते आणि उंदराच्या मानानं प्रचंड असते. माणसातली गाठ हळू, वर्षानुवर्षं वाढते. एकाच रुग्णाच्या दोन गाठीही सारख्या गळक्या नसतात.

मग पुडीवर पत्ता का लिहू नये? गाठीच्या पेशींवर एखादं प्रथिन जास्त असेल, तर त्याला ओळखणारी अँटिबॉडी बुडबुड्यावर लावायची. उंदरांत हे छान चालतं. पण अँटिबॉडी आपलं लक्ष्य ओळखते ते अगदी त्याला जाऊन भिडल्यावर. दुरून ती काही खेचून नेत नाही. किल्ली खिशात असली म्हणून घराचा रस्ता सापडत नाही. त्यातून रक्तातली प्रथिनं बुडबुड्यावर बसतात आणि ती किल्लीच झाकून टाकतात. एचईआर२ (काही स्तनाच्या कर्करोगांच्या पेशींवर जास्त असणारं प्रथिन) ओळखणाऱ्या अशा एका लायपोसोमची स्तनाच्या कर्करोगातली चाचणी २०१६ साली फायदा दिसेना म्हणून थांबवावी लागली. त्याआधी, २०१३मध्ये, उष्णता लागली की फुटणारा बुडबुडा यकृताच्या कर्करोगाच्या तिसऱ्या टप्प्यातल्या चाचणीत अपेक्षित परिणाम दाखवू शकला नव्हता. कल्पना दोन्ही सुंदर होत्या.

पुडीशिवाय औषधच नाही

आतापर्यंतची औषधं पुडीविनाही देता येत होती, त्रासदायक का होईना. आरएनएचं तसं नाही. आरएनए म्हणजे पेशीला दिलेली लेखी सूचना, अमुक प्रथिन बनव किंवा अमुक बनवणं थांबव. उघडा आरएनए रक्तात सोडला तर तिथली एन्झाइमं थोड्याच वेळात त्याचे तुकडे करतात. उरलासुरला पेशीपर्यंत गेला तरी त्याच्यावरचा ऋणभार त्याला पेशीच्या पडद्यातून आत जाऊ देत नाही. इथे पुडी हे औषधाचं अर्धं अंग आहे.

ही पुडी चार प्रकारच्या स्निग्ध रेणूंची असते: कोलेस्टेरॉल, फॉस्फोलिपिड, थोडं पेग लावलेलं स्निग्ध आणि चौथा, सगळ्यात कळीचा रेणू. हा चौथा आम्लात धनभारित होतो आणि रक्ताच्या सामान्य स्थितीत जवळजवळ भारहीन राहतो. त्याच्या या दुटप्पीपणावरच सगळा खेळ चालतो. बनवताना आरएनए किंचित आम्लधर्मी पाण्यात आणि चारही स्निग्धं अल्कोहोलात घेऊन दोन धारा एकमेकींवर सोडतात. धनभारित रेणू ऋणभारित आरएनएला मिठी मारतात आणि काही मिलिसेकंदांत कण आपोआप जुळतात. मग आम्ल काढून टाकलं की भार ओसरतो आणि पुडी निरुपद्रवी होऊन रक्तात जायला तयार.

पेशी पुडी गिळते, पण गिळणं म्हणजे आत येणं नव्हे. गिळलेली वस्तू आधी एका पिशवीत असते आणि ती पिशवी हळूहळू आम्लधर्मी होत जाते, शेवटी तिथलं सगळं पचवून टाकण्यासाठी. पण आम्ल वाढलं की आपला चौथा रेणू पुन्हा धनभारित होतो, पिशवीच्या ऋणभारित भिंतीला चिकटतो, ती विस्कटवतो आणि आरएनए पेशीत निसटतो. निदान काही तरी निसटतो. लहान आरएनएवर झालेल्या मोजणीत हे प्रमाण १ ते २ टक्केच भरलं होतं. बाकीचा माल पचतो. एवढी नासाडी होऊनही औषध चालतं, कारण आरएनएचा एकेक रेणू पुन्हा पुन्हा वापरला जातो.

या पुडीतलं पहिलं मान्य औषध २०१८ साली आलं, पॅटिसिरान. ट्रान्सथायरेटिन नावाचं प्रथिन काही घराण्यांत सदोष बनतं, त्याच्या गुठळ्या नसांमध्ये आणि हृदयात साठतात. हे प्रथिन मुख्यतः यकृतात तयार होतं, म्हणून औषध यकृतात जायला हवं. ते तिथे नेतं कोण? पुडी रक्तात उतरली की तिच्यावरचं पेग गळून पडतं आणि तिला एपीओई हे प्रथिन चिकटतं. यकृताच्या पेशी या प्रथिनाला ओळखतात, कारण रक्तातली चरबी उचलताना त्या हीच खूण पाहतात. त्यांना ही पुडी नेहमीच्या चरबीच्या कणासारखी वाटते. डॉक्सिलच्या वेळी प्रथिनं चिकटणं टाळायला केवढा आटापिटा केला होता. इथे तेच चिकटणं कामाला लावलं.

२०२०च्या डिसेंबरात कोविडच्या एमआरएनए लसी आल्या आणि हीच चार स्निग्धांची पुडी काही महिन्यांत कोट्यवधी दंडांमध्ये टोचली गेली. लसीला एक सवलत होती. तिला विशिष्ट पत्त्यावर जायचं नव्हतं. स्नायूत आणि जवळच्या लसिकाग्रंथींत थोडंसं प्रथिन बनलं तरी भागतं, पुढचा गाजावाजा प्रतिकारशक्ती स्वतःच करते. नेम चुकण्याची भीतीच नसलेलं काम या पुडीला मिळालं. कॅटालिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांना २०२३चं नोबेल मिळालं ते आरएनएच्या अक्षरांमध्ये केलेल्या बदलासाठी. पुडी घडवणाऱ्यांचा त्यात वाटा नव्हता. पाकिटापेक्षा पत्राचं कौतुक जास्त होणार, हे ओघानं आलंच.

पुडीच्या तक्रारी

पेगविरुद्ध शरीर अँटिबॉडी तयार करू शकतं. सौंदर्यप्रसाधनांत आणि इतर औषधांतही पेग असल्यामुळे काहींच्या रक्तात त्या आधीच असतात. मग दुसऱ्या डोसच्या पुड्या पहिल्यापेक्षा लवकर पकडल्या जातात. काही रुग्णांना सलाईन सुरू होताच काही मिनिटांत छाती भरून येणं, चेहरा लाल होणं असा त्रास होतो, म्हणून ही औषधं सुरुवातीला अगदी सावकाश सोडतात.

दुसरी तक्रार कारखान्याची. साध्या गोळीची नक्कल करायची तर रेणू तोच आहे हे सिद्ध केलं की बरंचसं काम झालं. बुडबुड्याच्या बाबतीत रेणू तोच असून भागत नाही. आकार, भिंतीची घडण, आतल्या स्फटिकांचं रूप, औषध झिरपण्याचा वेग, सगळं जुळावं लागतं, आणि हे सगळं कणन्कण सारखं कधीच नसतं. हा कारभार किती नाजूक आहे, ते २०११मध्ये दिसलं. एका कारखान्यातल्या अडचणींमुळे अमेरिकेत डॉक्सिलचा तुटवडा पडला. पहिल्या मान्यतेला सोळा वर्षं होऊनही तिथे त्याला पर्यायी जेनेरिक नव्हतं. शेवटी २०१२ साली भारतात बनलेलं लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन तात्पुरतं आयात करू दिलं गेलं, आणि पहिलं जेनेरिक २०१३ साली मान्य झालं.

यकृताच्या पलीकडे

आता खरी धडपड चालली आहे ती यकृताशिवाय दुसरीकडे जाण्याची. २०२०मध्ये टेक्सासमधल्या डॅनियल सीगवार्ट यांच्या गटानं चार स्निग्धांच्या पुडीत पाचवं घातलं. पाचवं कायम धनभारित असेल तर उंदरांत पुडी फुप्फुसांकडे वळली, ऋणभारित असेल तर प्लीहेकडे. तिच्यावर कोणताही पत्ता लिहिलेला नव्हता. पृष्ठभाग बदलल्यामुळे रक्तातली वेगळी प्रथिनं येऊन बसली आणि त्यांनी तिला वेगळ्या दारी नेलं. अँटिबॉडी लावून हुकूम सोडण्यापेक्षा शरीराची वाहतूक कशी चालते ते ओळखून त्यात शिरणं, हा मार्ग मला जास्त भरवशाचा वाटतो. माणसांत तो किती चालेल, हे उंदरांवरून ठरणार नाही.

मेंदूचं दार अजून जवळजवळ बंदच आहे. तिथल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट शिवलेल्या असतात की शंभर नॅनोमीटरची पुडी सोडाच, बहुतेक साधी औषधंही आत जात नाहीत.

२०२५ साली फिलाडेल्फियात एका तान्ह्या बाळावर जनुक-संपादनाचा उपचार झाला, खास त्याच्याच जनुकातल्या चुकीसाठी सुमारे सहा महिन्यांत बनवलेला. सीपीएस१ या एन्झाइमच्या अभावी त्याच्या रक्तात अमोनिया साठत होता. संपादनाची सामग्री आरएनएच्या रूपात याच स्निग्ध पुड्यांमधून दिली गेली, तीही तीन वेळा. सुधारित विषाणूमधून दिली असती तर पहिल्या डोसनंतर शरीरानं त्याविरुद्ध अँटिबॉडी केल्या असत्या आणि पुढचे डोस अवघड झाले असते. बाळाची प्रथिनं पचवण्याची ताकद वाढली, औषधंही कमी करता आली. सीपीएस१ हे एन्झाइम प्रामुख्यानं यकृतात काम करतं. तीच चूक मेंदूतल्या एखाद्या जनुकात असती, तर दुरुस्तीचा मजकूर तेवढ्याच वेळात लिहून झाला असता, पण तो तिथवर नेणारी पुडी आज कोणाकडे नाही.